एपिग्रॅमला मराठीत काय म्हणायचं? (सुविचार नकोत)

रामबागकर · शनिवार, रात्री ११:२०

भाचा इथेच इंदूरला इंग्रजी घेऊन एम.ए. करतोय. काल सराफ्यात गराडू खाताना त्याने मला धरलं. "मामा, तुम्ही एवढं मराठी मराठी करता, एपिग्रॅमला मराठीत काय म्हणतात?" तोंडात गरम गराडू होता, तसाच म्हणालो, सुभाषित. तर म्हणे, "सुभाषित शिकवतं मामा, एपिग्रॅम चावतो." बरं, मग म्हण? "म्हणीला मालक नसतो. एपिग्रॅम कोणीतरी कोणालातरी उद्देशून केलेला असतो." वात्रटिका? "ती लांबते." चारोळी म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणजे माल असा हवा: एक-दोन ओळी, मोजके शब्द, शेवटाला वळण, आणि ते वळण कुणाला तरी लागलं पाहिजे. असला माल आपल्या घराघरांत ढिगाने पडलाय, पण डब्यावर चिठ्ठी नाही. चिठ्ठीवर काय लिहू ते सांगा. आणि घरातली, गल्लीतली, ऑफिसातली अशी वाक्यं आठवत असतील तर तीही टाका.

विनंती एकच. सूर्योदयाच्या फोटोवर छापलेली वाक्यं नकोत. ती मला रोज सकाळी सहाला सात जणांकडून येतात.

जिरावण · रात्री ११:३१

पहिला! एपिग्रॅम म्हणजे जिरावण. पोह्यावर चिमूटभर. चमच्याने कोणी खात नाही.

अतिशहाणा · रात्री ११:४४

ही उपमा झाली, एपिग्रॅम नाही. कोणाला लागलं?

जिरावण · रात्री ११:४५

तुम्हाला लागलेलं दिसतंय.

सूनबाई_इंदूर · रात्री ११:५२

हसून हसून पुरेवाट. धागा पहिल्याच पानावर आटोपला.

अतिशहाणा · रविवार, सकाळी ७:१०

आटोपला नाही. रात्री झोप आली होती म्हणून थांबलो.

रामबागकर, तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वर लिहिलेलं', म्हणजे कोरलेला लेख. थडग्यावर, देवाला वाहिलेल्या वस्तूवर कोरत. चावण्याचा संबंध नव्हता. दगडावर छिन्नी चालवायची म्हणून थोडक्यात, एवढंच. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचे सैनिक पडले, त्यांच्या स्मारकावर दोनच ओळी होत्या. भावार्थ असा: वाटसरू, स्पार्टाला जाऊन सांग, त्यांची आज्ञा पाळून आम्ही इथे पडलो आहोत. या ओळी सिमोनिडीज नावाच्या कवीच्या म्हणून सांगतात. हेरोडोटसने त्या दिल्यात, पण कवीचं नाव तिथे दिलेलं नाही.

डंख आला तो पुढे रोमन लोकांच्या हातून, मुख्यतः मार्शलच्या. इ.स. पहिल्या शतकातला माणूस. जन्म स्पेनमधला, नशीब काढायला रोमला आला. बारा पुस्तकं भरून एपिग्रॅम लिहिले. जेवायला बोलावून पाहुण्याला साधं वाढणारे आणि स्वतः वेगळं चांगलंचुंगलं जेवणारे यजमान, केस काळे करून तरुण झालेले म्हातारे, असे त्याचे विषय. तेव्हापासून एपिग्रॅम म्हटलं की लोक शेपटीत विष शोधतात.

खजूरीबाजार · सकाळी ७:३८

पोटासाठी परमुलखात आलेला आणि पंगतीत शेजारच्याच्या पानाकडे बघणारा. हा मार्शल आपल्यातलाच दिसतो. होळकरांच्या कुठल्या तुकडीबरोबर आला होता?

ग्वाल्हेरवाली · सकाळी ९:०५

आमच्याकडे शिंद्यांबरोबर आले ते जास्त टोचून बोलतात, ग्वाल्हेरला या मग कळेल.

विषयावर येते. संस्कृतात एकट्या, स्वयंपूर्ण श्लोकाला 'मुक्तक' म्हणत. मागचा-पुढचा संदर्भ नको, चार चरणांत सगळं आत. आणि आपल्या भाषेची पणजी म्हणावी अशा महाराष्ट्री प्राकृतात हाल सातवाहनाने सातशे गाथा गोळा केल्या, त्या तर निव्वळ मुक्तकंच. त्यातल्या सासवा, सुना, वाटसरू, शेजारणी एकमेकींना जे सूचकपणे सुनावतात ते वाचलं की वाटतं, बाई गं, हे तर आमच्या वाड्यातलं नळावरचं बोलणं. फक्त छंदात.

तेव्हा माझं मत: मुक्तक.

रामबागकर · सकाळी ९:२०

ताई, शब्द छान आहे, पण मराठीत आता मुक्तक म्हटलं की वर्तमानपत्रातला हळवा ललित लेख डोळ्यांपुढे येतो. पहिल्या पावसाचा. आणि इथे हिंदीत मुक्तक म्हणजे कविसंमेलनात टाळ्या घेणाऱ्या चार ओळी. भाचा दोन्हींकडून हसेल.

ग्वाल्हेरवाली · सकाळी ९:२६

खरंय. चांगल्या शब्दांची घरं दुसऱ्यांनी बळकावली की असं होतं.

पाटीवाला · सकाळी १०:१५

मूळ अर्थ 'कोरलेला लेख' असेल तर चर्चा कसली करताय? पुणेरी पाटी! दगडाऐवजी पत्रा. मी पुण्याचा, बारा वर्षं झाली इंदुरात. आमच्या जुन्या वाड्याच्या दारावर आजोबांनी स्वतः रंगवलेलं होतं: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, झोपलो आहोत.' हा एपिग्रॅम नाही तर काय?

खजूरीबाजार · सकाळी १०:२२

हा उद्धटपणा आहे. रंगवलेला.

नर्मदातीर · सकाळी १०:४०

इंदुरात त्या दारावर लिहिलं असतं, 'भिया, बेल बजाओ, चाय पियो'.

पाटीवाला · सकाळी १०:४३

आणि चहा संपेपर्यंत यजमानाची झोप, दुपार आणि साखर गेली असती. आमचे आजोबा दूरदृष्टीचे होते.

चिमण · सकाळी ११:०२

पाटी आणि एपिग्रॅममध्ये मला एक फरक दिसतो. पाटी तुम्हाला काहीतरी करायला नाहीतर न करायला सांगते. एपिग्रॅम काहीच सांगत नाही, नुसतं बघतो तुमच्याकडे. महापालिकेच्या गाडीवरचं 'कचरा गाडीतच टाका' हे घोषवाक्य आहे. आमची आत्या त्याच गाडीकडे बघत शेजारणीला म्हणाली होती, "गाडी रोज येते हो, पण तुमच्याकडचं सगळं कुठे मावतंय." घोषवाक्य सगळ्या शहराला उद्देशून होतं. आत्याचं वाक्य एकाच घराला.

अतिशहाणा · सकाळी ११:३०

पाटीवाल्यांच्या मदतीला एक उदाहरण. अठराव्या शतकातल्या पोप या इंग्रज कवीने युवराजांना कुत्रा भेट दिला आणि त्याच्या गळपट्ट्यावर दोन ओळी कोरून दिल्या. कुत्राच बोलतोय: मी क्यूच्या राजवाड्यातला युवराजांचा कुत्रा, आणि साहेब, आपण कोणाचे? आता विचार करा, ते वाचायला कोण खाली वाकणार? दरबारातलाच कोणीतरी. वाकलेल्या अवस्थेत वाचायचं, ही त्यातली खरी मेख. काही करा म्हणून सांगत नाही, कोरलेलं आहे, आणि ज्याला लागायचं त्यालाच लागतं.

निवृत्त_लेखनिक · दुपारी १२:१५

हा गळपट्टा आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांच्या मापाचा निघाला असता.

बडोदेकर · दुपारी १:५०

बडोद्याहून रामराम. तुमच्या गराडूवर जळत लिहितोय.

माधव जूलियन आमच्या बडोद्यात जन्मले, १८९४ साली. फारसीचे पंडित. त्यांनी मराठीत रुबाई आणली. मला रुबाई एपिग्रॅमच्या फार जवळची वाटते ती तिच्या चालीमुळे. पहिल्या दोन ओळींत यमक जुळतं, तिसरी ओळ मुद्दाम सोडलेली असते, ऐकणारा अधांतरी राहतो, आणि चौथी येऊन त्याला जमिनीवर आणते. तिसऱ्या ओळीचं ते अधांतरी ठेवणं ही सगळी कला. आजकालच्या चार ओळींत बहुतेकदा दुसऱ्या ओळीलाच कळतं की पाऊस येणार आणि ती आठवणार.

लेसिंग नावाच्या जर्मन समीक्षकाने १७७१ मध्ये हेच सांगून ठेवलंय. त्याचं म्हणणं, एपिग्रॅमचे भाग दोन, अपेक्षा आणि उलगडा. लांबून स्मारक दिसतं तेव्हा कुतूहल वाटतं, हे कोणाचं? जवळ जाऊन लेख वाचला की उत्तर मिळतं. पुढे स्मारक गेलं, दगड गेला, पण कागदावरच्या एपिग्रॅमने दोन्ही कामं स्वतःच करायची. आधी कुतूहल उभं करायचं, मग फोडायचं.

सूनबाई_इंदूर · दुपारी २:१०

म्हणजे उखाणा! पहिल्या ओळीत चांदीची वाटी, सोन्याचं ताट, सगळे कान टवकारून, आणि शेवटी नाव. अपेक्षा आणि उलगडा.

बडोदेकर · दुपारी २:१४

सूनबाई, लेसिंगला हे कळलं असतं तर तो पंगतीत बसला असता. पण उखाण्यात उलगडा आधीच ठाऊक असतो ना? नवरा तर शेजारीच बसलेला असतो.

सूनबाई_इंदूर · दुपारी २:१६

म्हणूनच वळण दुसरीकडे द्यावं लागतं. माझ्या नणंदेने सगळ्यांसमोर घेतला होता: 'पोह्यावर शेव, शेवेवर लिंबू पिळते, ---रावांचं नाव घेते, त्यांना माझं कुठे आठवते.' नंदोई त्या वर्षी लग्नाचा वाढदिवस विसरले होते.

जिरावण · दुपारी २:२०

हा माल! रामबागकर, चिठ्ठी चिकटवा.

गीतीप्रेमी · दुपारी ३:००

बाहेरून कशाला आणता? तुकोबा आहेत की. 'नवसें कन्या पुत्र होती । तरि कां करणें लागे पती ।' संपलं. नवसाच्या सगळ्या दुकानदारीला एक प्रश्न, आणि प्रश्नही घरगुती. यात अपेक्षा आहे, उलगडा आहे, डंख आहे, शिवाय लागतं ते कोणा एका सबिडियसला नाही, अख्ख्या जत्रेला.

अवांतर: मोरोपंतांना सगळे आर्यापती म्हणतात, पण त्यांच्या बहुतेक 'आर्या' या गीती आहेत. आर्येत चौथ्या चरणात पंधरा मात्रा, गीतीत अठरा. कोणी विचारलं नव्हतं, माहीत आहे.

चिमण · दुपारी ३:०४

सबिडियस कोण?

गीतीप्रेमी · दुपारी ३:३०

अरे हो, ओघात आलं. मार्शलचा एक प्रसिद्ध दोन ओळींचा एपिग्रॅम आहे. सरळ अर्थ: सबिडियस, तू मला आवडत नाहीस, का, ते सांगता येत नाही, एवढंच सांगता येतं की तू मला आवडत नाहीस. बस, इतकाच. इंग्रजीत याचा अवतार म्हणजे ते डॉक्टर फेलवरचं कडवं. गोष्ट अशी सांगतात की टॉम ब्राउन नावाच्या विद्यार्थ्याला ऑक्सफर्डच्या डीन फेल यांनी कॉलेजातून काढायचं ठरवलं आणि अट घातली, मार्शलच्या या ओळी उभ्या उभ्या इंग्रजीत करून दाखव, सोडतो. त्याने सबिडियसच्या जागी डीनसाहेबांचंच नाव घातलं. दंतकथा असेल, पण डीन लोकांच्या लक्षात राहिले ते यामुळेच.

मराठी करून बघा कोणीतरी. बघू कोणाला कॉलेजात ठेवायचं.

पाटीवाला · दुपारी ३:३३

'तुम्ही आवडत नाही. कारण विचारू नये. — हुकमावरून.'

नर्मदातीर · दुपारी ३:३६

इंदुरी: 'भिया, तू अपने को जमता नी. क्यूं? पता नी. बस, नी जमता.'

जिरावण · दुपारी ३:३७

दोघांनाही ठेवा. कॉलेज बंद करा.

ग्वाल्हेरवाली · संध्याकाळी ५:४५

स्वयंपाक करता करता जुळवलं:

नावडसी मज, कारण न ठावे
एवढेच ठावे, नावडसी

गीतीप्रेमी · संध्याकाळी ५:५८

ताई! मी बोटांवर मोजलं. सहा, सहा, सहा, चार. मोठा अभंग चोख बसलाय. आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही.

अतिशहाणा · संध्याकाळी ६:१०

यमक कुठे? 'ठावे' आणि 'ठावे' हा तोच शब्द. पण दाद देतो. लॅटिनमध्येही कविता ज्या शब्दांनी सुरू होते त्याच शब्दांवर संपते. ताईंच्यात तेही आपोआप झालंय.

ग्वाल्हेरवाली · संध्याकाळी ६:१३

आपोआप काही होत नाही हो, भाजी लागली त्यात.

निवृत्त_लेखनिक · रात्री ९:४०

दिवसभर वाचतोय. तुम्ही सगळे मजेत आहात, जरा वेगळं लिहितो, चालवून घ्या.

मी ऑफिसात बोलण्यासाठी प्रसिद्ध होतो. निरोप समारंभ असला की मला माइक द्यायचे. भाषण कसलं, चार वाक्यं बोलायचो, पण रात्री जागून घासलेली. माझ्या बरोबरीचा एक मित्र होता. एकत्र लागलो, एकाच टेबलाला समोरासमोर सत्तावीस वर्षं. हा रोज उशिरा यायचा. अर्धा तास, कधी पाऊण. साहेब बदलले, हजेरीची पद्धत बदलली, याची वेळ बदलली नाही. तो माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे आयुष्यभर उशिरा आले, आज पहिल्यांदाच वेळेवर निघालेत."

हॉल कोसळला. साहेबांनी डोळे पुसले. तोही हसला. पेढ्याचा बॉक्स आणि शाल घेऊन गेला, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाही.

त्याच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते. सकाळी त्यांची आंघोळ, कपडे, जेवण सगळं उरकून तो निघायचा. एकोणीस वर्षं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं. कित्येकदा त्याच्या जागी मीच सही ठोकली होती. वाक्य सुचलं तेव्हा आदल्या रात्री तेही आठवलं होतं. पण इतकं नेमकं वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडे करायला नको असं, टाकून देववेना.

तुमच्या भाच्याला सांगा, चावतो म्हणजे काय ते.

रामबागकर · रात्री ९:५५

काका, काय बोलू. परत भेटायचा प्रयत्न केलात?

निवृत्त_लेखनिक · रात्री १०:०२

गेलो होतो. दार त्याच्या मुलाने उघडलं. म्हणाला, "बाबा आत्ताच निघाले." चपला दारातच होत्या.

चिमण · रात्री १०:३०

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

अतिशहाणा · रात्री ११:००

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर राखून लिहितो. एपिग्रॅम अर्धसत्यच असतो. पूर्ण सत्य सांगायचं तर 'पण' येतो, 'अर्थात' येतो, 'त्याच्या घरची परिस्थिती' येते, आणि वाक्य लांबतं. छाटताना जे पडतं त्यात बहुतेकदा समोरचा माणूस असतो. म्हणून मला ते थर्मोपिलीचे जुने, न चावणारे जास्त आवडतात. त्यातही छाटलंय, पण छाटून माणूस उरलाय.

खजूरीबाजार · रात्री ११:०८

पहिल्यांदा तुमच्याशी सहमत आहे, अतिशहाणा. तारीख लिहून ठेवतो.

ग्वाल्हेरवाली · रात्री ११:२०

मला नाही पटत. वाड्यातल्या बायकांकडे दुसरं काय होतं? ना पैसा हातात, ना निर्णय. चारचौघांत एक वाक्य पेरायचं, इतकं गोड की समोरच्याला पकडता येऊ नये आणि इतकं धारदार की रात्री झोप येऊ नये. वरच्याने खालच्याला मारलं तर तो टोमणा. खालच्याने वरच्याला मारला तर तो एपिग्रॅम. काकांचं वाक्य वाईट नव्हतं, दिशा चुकली. तेच साहेबांवर टाकलं असतं तर?

निवृत्त_लेखनिक · रात्री ११:२४

साहेब वेळेवर यायचे हो. तेच दुःख होतं.

सूनबाई_इंदूर · सोमवार, सकाळी ११:१५

मुलं शाळेत गेली, आता निवांत लिहिते. काल रात्रीपासून लिहीन लिहीन म्हणत होते.

आमच्याकडे पितळेचं एक भलंमोठं पातेलं आहे. पणजी-सासूबाईंचं. तीस-चाळीस माणसांची आमटी होईल एवढं. पूर्वी गल्लीत कोणाकडेही मुंज, बारसं, सत्यनारायण असला की ते न्यायचे. नेताना सगळे तत्पर, आणताना महिनोन्महिने पत्ता नाही. आणि कारण सगळ्यांचं एकच. रिकामं भांडं परत करू नये ना! "अहो, काहीतरी गोडधोड करून त्यात घालून आणणार होते, राहूनच गेलं." एवढ्या पातेल्यात घालायचं म्हणजे निदान शेरभर तरी काही हवं, म्हणून ते राहायचं ते राहायचंच.

शेवटी पणजी-सासूबाई पातेलं घेऊन बर्तन बाजारात गेल्या, त्यावर कोरून घ्यायला. तेव्हा यंत्र नव्हतं, हातोडी आणि पोगर घेऊन ठिपके ठिपके ठोकत. अक्षराला एक आणा सांगितला. म्हणजे दशमान नाणी यायच्या, १९५७ च्या आधीची गोष्ट. त्यांनी घरून लिहून नेलं होतं, 'हे पातेले अमक्यांचे असून कार्य आटोपताच स्वच्छ घासून परत करण्याची कृपा करावी'. कासाराने अक्षरं मोजली आणि आकडा सांगितला. त्या तिथेच ओट्यावर बसल्या, पेन्सिलीने खोडत. नाव गेलं, कृपा गेली, घासायचंही गेलं. उठल्या तेव्हा एवढंच उरलं होतं:

रिकामे आणा, पण आणा

नऊ अक्षरं. नऊ आणे. कासार म्हणाला म्हणतात, "बाई, दोन आणे तर तुम्हीच घालून आणलेत, सातच द्या."

हे आमच्याकडे दर गौरींना सांगितलं जातं. सातच दिले की नऊ, यावर दोन चुलतसासऱ्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

रामबागकर · सकाळी ११:२२

सूनबाई. मी ऑफिसात आहे आणि मोठ्याने हसलो. सगळे बघतायत.

गीतीप्रेमी · सकाळी ११:२५

दोन्ही 'आणा' चोख!! आणि कासार त्याहून चोख.

बडोदेकर · सकाळी ११:४०

'रिकामे आणा' पर्यंत शिष्टाचाराविरुद्ध बोलतायत असं वाटतं. कान टवकारतो. 'पण आणा' म्हटलं की सगळ्या गल्लीची सबब उघडी पडते. लेसिंग, घे.

अतिशहाणा · दुपारी १२:०५

मी हरलो, आनंदाने. आणि एक सांगतो, हे विषयांतर नाही, हे मूळपदावर येणं आहे. ग्रीक लिपीतल्या सर्वांत जुन्या पद्यलेखांपैकी एक इटलीजवळच्या इस्किया बेटावर, पिथेकुसाई इथे सापडला. इ.स.पू. आठव्या शतकातला. कशावर? भांड्यावर! मातीचा पेला आहे, आणि त्यावर थट्टेने कोरलंय की हा नेस्टरचा पेला, जो यातून पिईल त्याला प्रेमाची बाधा होईल. होमरच्या काव्यात नेस्टरचा पेला सोन्याच्या खिळ्यांचा, एवढा जड की भरलेला उचलताना इतरांची दमछाक व्हावी. आणि हा आपला साधा मातीचा, मुठीएवढा. तोच विनोद. म्हणजे या प्रकाराची सुरुवात थडग्याइतकीच स्वयंपाकघरातही झाली. तुमच्या पणजी-सासूबाई परंपरेत बसतात.

मार्शलचंही एक राहिलं. सणाच्या भेटवस्तूंसोबत द्यायला त्याने दोन-दोन ओळींचे मजकूर केले होते, दोन पुस्तकं भरून. आपल्या लग्नातल्या 'चि. सौ. कां.… हिस आत्याकडून सप्रेम भेट'सारखे, जरा बरे.

खजूरीबाजार · दुपारी १२:१०

आमच्याकडच्या स्टीलच्या डब्यावर आत्याचं नाव पुसून मावशीचं घातलंय. तो कोणता वाङ्मयप्रकार?

जिरावण · दुपारी १२:११

पुनर्लेखन.

निवृत्त_लेखनिक · दुपारी १:३०

सूनबाई, मी रात्र रात्र जागून वाक्य घासायचो ते टाळ्यांसाठी. या बाईंनी आणे वाचवायला घासलं. काल ताई म्हणाल्या दिशा चुकली. मला वाटतं पैसेही चुकले. मला अक्षरामागे एक आणा द्यावा लागला असता तर त्या दिवशी 'सुखी राहा' म्हणून खाली बसलो असतो.

ग्वाल्हेरवाली · दुपारी १:४०

काका, त्यालाही चार आणे पडले असते. पण परवडले असते.

नर्मदातीर · दुपारी २:०५

नावाचं काय झालं? चिमटा? टोला? मर्मोक्ती? कोरीव? आमच्या बाबांचा आग्रह 'शालजोडीतला'.

पाटीवाला · दुपारी २:०८

शालजोडीतला हा शब्दच इतका लांब की त्यात शाल, जोडा आणि पाहुणा तिघंही मावतात.

गीतीप्रेमी · दुपारी २:१५

'मर्मोक्ती' नको, औषधाचं नाव वाटतं. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा.

चिमण · दुपारी २:१८

'कोरीव'ला माझं अनुमोदन. 'त्याने एक कोरीव टाकला.' बोलून बघा, बसतंय तोंडात.

अतिशहाणा · दुपारी २:३०

व्याकरणदृष्ट्या विशेषणाचं नाम… असो. चालेल.

रामबागकर · संध्याकाळी ७:४५

भाच्याला सगळा धागा वाचून दाखवला. मुक्तकावर मान डोलावली, अभंग वहीत उतरवून घेतला, काकांच्या वाक्याला गप्प झाला. 'कोरीव' म्हटल्यावर जरा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, वाईट नाही." एम.ए.वाल्यांकडून हे पुष्कळ झालं. आता त्याला ते पातेलं बघायचंय. त्याच्या निबंधात फोटो घालणार म्हणे, नेस्टरच्या पेल्याशेजारी. सूनबाई, येऊ का रविवारी?

सूनबाई_इंदूर · रात्री ८:३०

या की, पोहे करते. थांबा, माळ्यावरून काढून फोटोच टाकते आधी.

सूनबाई_इंदूर · रात्री ८:५५

माळ्यावर नाही.

सासूबाई म्हणतात, दोन वर्षांपूर्वी गणपतीत महाप्रसादाला कोणीतरी नेलं होतं. राजेंद्रनगरकडचे कोणी होते एवढंच त्यांना आठवतंय. मी दोन्ही माळे आणि गच्चीवरची खोली पाहिली.

खजूरीबाजार · रात्री ८:५७

नऊ आणे वाया.

पाटीवाला · रात्री ८:५८

सातच.

चिमण · रात्री ९:४०

सूनबाईताई, पातेल्याला एका बाजूचं कडं जरा सैल आहे का? आणि बुडाशी पोचा? आई आत्ता विचारतेय. आम्ही त्यात दोन वर्षं तांदूळ ठेवतोय, ती ठिपक्यांची अक्षरं भिंतीकडच्या बाजूला होती.

व्यक्तिगत निरोप केलाय. उद्या रिकामंच आणतो.